ओळख, शिफारस आणि वशिला

नोकरीच्या संबंधात आपल्या भाषेत तीन शब्द विशेष रूढ आहेत: ओळख, शिफारस आणि वशिला. बोलण्याच्या ओघात आपण ते एकमेकांच्या जागी सहज वापरतो. परंतु तिघांचे कूळ निराळे आणि त्यांतील भावही निराळा. ‘ओळखणे’ हे क्रियापद संस्कृत ‘उपलक्ष्’ यापासून प्राकृताच्या वाटेने आपल्याकडे आले. जवळून न्याहाळणे, लक्षणांवरून जाणणे, हा त्याचा मूळचा अर्थ. ‘शिफारस’ फारसीतून आली. दुसऱ्याच्या भल्यासाठी आपला शब्द खर्च करणे, हा तिचा आशय. ‘वशिला’ हा शब्द दिसावयास ‘वश’ या संस्कृत शब्दाच्या घरातला वाटतो, पण तो तसा नाही. तो अरबी ‘वसीला’ होय, आणि पोहोचण्याचे साधन एवढाच त्याचा मूळ अर्थ आहे. म्हणजे शब्दात दोष कोणताच नव्हता. मराठीत येऊन तो निंदेचा शब्द बनला, याचे कारण व्याकरणात शोधून उपयोग नाही; ते आपल्या व्यवहारात शोधले पाहिजे.

आजच हा विषय हाती घेण्याचे प्रयोजन असे की, नोकरी शोधण्याची रीत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत फार पालटली आहे. पूर्वी वर्तमानपत्रातील जाहिरात कापून ठेवावी, अर्ज टंकलिखित करून टपालपेटीत टाकावा आणि पोस्टमनची वाट पाहावी, असा क्रम असे. १९९७ साली ‘नोकरी डॉट कॉम’ हे संकेतस्थळ आपल्या देशात सुरू झाले आणि जाहिराती कागदावरून पडद्यावर आल्या. मे २००३ मध्ये अमेरिकेत ‘लिंक्डइन’ सुरू झाले, आणि त्याने केलेला पालट अधिक खोल आहे. तेथे जाहिराती तर असतातच. पण प्रत्येक सभासद आपले शिक्षण, आपले आजवरचे काम आणि आपल्या परिचयाची माणसे तेथे मांडून ठेवतो. कोण कोणाला ओळखतो, ही जी गोष्ट पूर्वी फक्त घरातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असे, ती तेथे चव्हाट्यावर आली. २०१६ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने ही संस्था विकत घेण्याचे ठरविले, आणि २०२३ साली तिची सभासदसंख्या शंभर कोटींच्या पुढे गेल्याचे जाहीर झाले. आता पदवी हाती पडण्यापूर्वीच घरोघरची मुले-मुली तेथे नाव नोंदवितात.

यावर सुशिक्षित कुटुंबांत दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, हा वशिल्याचाच नवा अवतार. कोणी म्हणतात, आता वशिल्याचे दिवस संपले; गुण असेल तो पुढे येईल. आमच्या मते दोन्ही मते अपुरी आहेत. ओळख ही एक मिळकत आहे. शेतीवाडीप्रमाणे ती वडिलोपार्जित मिळते, कष्टाने वाढविता येते, दुसऱ्यास उसनी देता येते, आणि तिचा दुरुपयोगही होतो. ही मिळकत कोणापाशी किती आहे आणि तो तिचा विनियोग कसा करतो, हाच खरा प्रश्न आहे.

वडिलोपार्जित मिळकत

ज्या वर्गातील कुटुंबे हे मासिक वाचतात, त्या वर्गाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास आपण बहुधा बुद्धीचा आणि कष्टाचा इतिहास म्हणून सांगतो. तो खोटा नाही. परंतु त्यात ओळखीचा वाटा किती होता, हे सांगण्यास आपण विसरतो. गावाकडून पुण्यास शिकावयास आलेला निर्धन विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्या सात घरांतून त्याला अन्न मिळे, आणि अन्नाबरोबरच सात घरांचा परिचय मिळे. कोणत्या शाळेत जागा रिकामी आहे, कोणत्या कचेरीत कारकून हवा आहे, ही बातमी त्याला पंगतीतच कळे. जेवण हे दान होते हे सर्वांना दिसले. बातमी हेही दान होते हे कोणी मोजले नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचेच उदाहरण घ्या. १८७५ साली परीक्षेस बसण्यासाठी ते मुरुडहून साताऱ्यापर्यंत डोंगर ओलांडून पायी गेले, आणि वय लहान दिसते एवढ्या कारणावरून त्यांना परत पाठविण्यात आले. ही कथा आपण मुलांना सांगतो व ती सांगावी अशीच आहे. परंतु पुढची गोष्ट क्वचितच सांगितली जाते. १८९१ साली कर्वे मुंबईत निरनिराळ्या शाळांतून गणित शिकवून निर्वाह करीत होते. लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून आदल्या वर्षी बाहेर पडले होते व फर्ग्युसन कॉलेजात गणिताच्या अध्यापकाची उणीव भासत होती. त्या वेळी गोपाळ कृष्ण गोखले यांना एल्फिन्स्टन कॉलेजातील आपल्या या सहाध्यायाची आठवण झाली, आणि त्यांनी कर्व्यांना पुण्यास बोलावून घेतले. कर्वे १९१४ पर्यंत त्या कॉलेजात होते. हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ ही कार्ये पुण्यातच उभी राहिली. साताऱ्याची पायपीट त्यांच्या निश्चयाची साक्ष देते. पुण्याची जागा मात्र एका कॉलेजातील ओळखीतून चालून आली. कर्व्यांची योग्यता त्यामुळे तिळमात्र कमी होत नाही. गोखल्यांनी अयोग्य माणसाला जागा दिली नाही; योग्य माणूस कोठे आहे हे त्यांना ठाऊक होते, इतकेच.

एकच ओळख ही बेडी

आता याच्या उलट बाजू पाहू. मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी १८५४ साली स्थापन झाली. पुढे गिरण्या वाढल्या तसे कोकणातून व देशावरून हजारो माणसे तेथे गेली. ती भरती कोणत्या कचेरीत होत नसे. गिरणीतला जॉबर आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसे आणी. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. गावच्या मंडळींनी मिळून भाड्याने घेतलेली खोली, खानावळ आणि जॉबर, या तीन आधारांवर नवा आलेला माणूस शहरात टिके. जॉबरच कामावर घेई, जॉबरच काम घेई, जॉबरच काढून टाकी, आणि अडचणीच्या वेळी कर्जही पुष्कळदा तोच देई. त्यासाठी त्याचा हात ओला करावा लागे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली, आणि १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आणून जॉबरच्या सत्तेला थोडा आळा घातला.

हा जॉबर काही परका नव्हता. तो गावकीचाच माणूस होता. मग त्याची ओळख जाचक का झाली? कारण कामगाराला ती एकच ओळख होती. दुसऱ्या गिरणीत काय चालले आहे हे त्याला सांगणारा कोणी नव्हता.

हीच गोष्ट आम्ही आमच्या परिसरात आजही पाहतो. आमचे म्हसावद हे गाव शहाद्याहून तोरणमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. खानदेशात सालदार ठेवण्याची रीत जुनी आहे. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, वर्षाचा करार व्हावयाचा. आणि मागले देणे फिटले नसेल तर सालदाराने त्याच शेतकऱ्याकडे पुढचे साल धरावयाचे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे लोक सुमारे ६९ टक्के आहेत. त्यांतील कितीतरी भिल्ल व पावरा कुटुंबे दसरा-दिवाळी उलटली की ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे जातात. खानदेशातून बारडोलीकडे होणाऱ्या या स्थलांतराचा अभ्यास डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० नंतरच्या दशकात केला होता. त्या भरतीचा मार्ग म्हणजे मुकादम. तो पावसाळ्यातच, घरात धान्य संपलेले असते अशा वेळी, उचल देतो; नवरा-बायकोच्या जोडीचा एक ‘कोयता’ मोजतो; आणि हंगामभर त्या जोडीचे काम उचलीत वळते होत राहते. मुकादम पुष्कळदा त्यांच्याच पाड्याचा, त्यांच्याच भाषेचा असतो. ओळख घट्ट असते. पण तिच्यापलीकडे दुसरा दरवाजा नसतो.

यावरून एक सिद्धान्त निघतो, आणि तो सुशिक्षितांसही लागू आहे. ज्याला एकच ओळख आहे, तो त्या ओळखीचा बांधील असतो. ज्याला अनेक ओळखी आहेत, तो काही अंशी स्वतंत्र असतो. मामांनी चिकटविलेल्या जागी वीस वर्षे मन मारून बसलेले पदवीधर आपण सर्वांनीच पाहिले आहेत. मामांना वाईट वाटेल म्हणून त्यांना ती जागा सोडताही येत नाही. मुकादमाच्या उचलीत आणि या भिडेत अंतर फार आहे, पण जात एकच आहे.

दूरचे उपयोगी का पडतात

नोकरीच्या बातम्या प्रत्यक्षात कोणाकडून येतात, याचा पद्धतशीर शोध मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावी घेतला. त्याचा निबंध १९७३ साली व पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. नोकरी बदललेल्या पुरुषांकडे त्याने चौकशी केली, तेव्हा निम्म्याहून अधिकांना जागेची वार्ता परिचितांकडूनच कळली होती. यात नवल नाही. नवल पुढे आहे. ज्याने बातमी दिली त्याची व तुमची भेट किती वेळा होत असे, असे विचारता, ‘वारंवार’ म्हणणारे सहांत एकच निघाले. बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच होत असे. जुना सहकारी, कॉलेजातला एखादा सोबती, अशा अर्धवट ओळखीच्या माणसांनीच बहुतेकांचे काम केले होते.

कारण उघड आहे. घरातील माणसे व जिवलग मित्र आपल्याच वर्तुळात वावरतात. जे त्यांना ठाऊक ते आपणांसही ठाऊक असते. दूरचा माणूस दुसऱ्या वर्तुळातला असल्यामुळे त्याच्याजवळ निराळी बातमी असते. लिंक्डइनच्या दोन कोटी सभासदांचा पाच वर्षांचा तपशील पाहून काही संशोधकांनी हाच विचार पुन्हा पारखला, आणि त्यांचा निबंध २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यांनाही असेच आढळले की, अगदी निकटच्या ओळखीपेक्षा बेताच्या ओळखी नोकरी मिळण्यास अधिक साह्यभूत होतात. मात्र अगदीच नाममात्र ओळखीचा उपयोग पुन्हा कमी होतो. म्हणून हजारो अनोळखी लोकांना ‘जोडून’ ठेवण्याचा जो हव्यास तरुण मंडळींत दिसतो, तो बहुतांशी व्यर्थ आहे.

एकत्र कुटुंबास यात शिकण्यासारखे आहे. आपल्या घरी ओळख म्हणजे नाते, असे समीकरण असते. मुलाला नोकरी हवी की काका, मामा, आत्याचे यजमान यांच्याकडे निरोप जातात. परंतु दहा वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेले शेजारी, प्रवासात पत्ता दिलेले सद्गृहस्थ, थोरल्या सुनेच्या माहेरगावची मैत्रीण, या ओळखी आपण वाळवीस देतो. विशेषतः सुनांच्या बाबतीत हे फार घडते. लग्न होऊन सासरी आली की तिच्या शाळा-कॉलेजातील, पूर्वीच्या नोकरीतील परिचय मागे पडतात. मुले थोडी मोठी झाल्यावर पुन्हा काम करावे असे तिच्या मनात येते, तेव्हा तिला नवऱ्याच्या ओळखींवर विसंबावे लागते. नव्या साधनाने हे परिचय घरबसल्या टिकविता येतात. त्यासाठी तिला रोज थोडी सवड मिळावी, इतके तरी घराने पाहावे.

कुलाचा परिचय व कर्तृत्वाचा परिचय

जुन्या वळणाच्या घरांत एक आक्षेप असा येतो की, स्वतःविषयी चारचौघांत लिहावे ही आत्मप्रौढी होय. हा संस्कार मोलाचा आहे, परंतु येथे तो गैरलागू आहे. मुंज झाल्यावर बटूला पहिली गोष्ट कोणती शिकवितात? वडिलांना अभिवादन करताना आपले प्रवर, गोत्र, सूत्र, शाखा आणि नाव स्पष्ट उच्चारावयाचे. समोरच्याला आपला परिचय नीट करून देणे ही प्रौढी नव्हे. तो शिष्टाचार आहे. फरक इतकाच की जुना परिचय आपण कोणाचे हे सांगे, आणि नव्या परिचयात आपणांस काय येते हे सांगावयाचे असते. ‘मी अत्यंत कर्तबगार व मेहनती आहे’ असे लिहिणे ही प्रौढी. ‘अमुक कारखान्यात तीन वर्षे हिशेब पाहिले’ हे निवेदन.

परंतु नव्या परिचयाच्या आडून जुना परिचयच वाचला जातो, हेही विसरता कामा नये. सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांनी केलेला एक प्रयोग २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांच्या वर्तमानपत्री जाहिरातींना उत्तर म्हणून त्यांनी सारख्याच शिक्षणाचे व अनुभवाचे अर्ज धाडले. अंतर फक्त नावात ठेवले. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जदारास बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश, तर मुसलमान नावाच्या अर्जदारास सुमारे एक-तृतीयांश ठरला. पुढे मुलाखत व्हावयाची होती, गुण दिसावयाचे होते; पण दार उंबऱ्यावरच लागले. ‘आम्हांला कोणाचा वशिला नव्हता’ असे आपल्यापैकी पुष्कळजण अभिमानाने सांगतात. ज्याचे आडनावच त्याच्यासाठी अर्धी शिफारस करते, त्याने हे वाक्य जरा जपून उच्चारावे.

जातीच्या ओळखी ज्यांना आहेत त्यांचेही त्या नेहमी भलेच करतात असे नाही. कैवन मुन्शी व मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी मुंबईतील दादरच्या शाळांतून वीस वर्षांत शिकलेल्या मुलांचा अभ्यास करून २००६ साली तो प्रसिद्ध केला. श्रमिक जातींतील मुलगे, जातभाईंच्या ओळखीने ठराविक कामे मिळत असल्यामुळे, मराठी शाळांतच जात राहिले व त्याच कामांकडे वळले. मुलींना तशा ओळखी नव्हत्या, म्हणून त्या बदलत्या काळाकडे पाहून अधिक वेगाने इंग्रजी शाळांकडे गेल्या. मातृभाषेतील शिक्षणाचा प्रश्न येथे बाजूस ठेवू. ज्या ओळखीने बापाला काम दिले तीच मुलाला त्या कामाशी जखडून ठेवते, एवढे यातून दिसते.

शब्द कसा टाकावा

मग ओळख वापरूच नये काय? तसे नाही. ती कशी वापरावी याचा उत्तम दाखला कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने घालून दिला आहे. मुंबईत बागेत वाचत बसणारा एक विद्यार्थी त्यांच्या नजरेस पडला. विचारपूस झाली, परिचय वाढला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे वडिलांची आर्थिक शक्ती संपली, तेव्हा केळुसकरांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला व मुलाला त्यांच्यापुढे नेऊन उभे केले. महाराजांनी त्याला प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले, आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

या प्रसंगाचे दोन भाग वाचकांनी अलग करून पाहावे. शब्द केळुसकरांनी टाकला. निवाडा महाराजांनी स्वतः पारखून केला. शिफारशीने दार उघडले, पण आत प्रवेश गुणाने झाला. शिवाय केळुसकर जातीने मराठा. मुलगा त्यांच्या ना जातीचा, ना नात्याचा. त्यांनी त्याला पाहिले होते, पारखले होते, आणि जे पाहिले तेच सांगितले. ‘ओळखणे’ या शब्दाचा जो मूळ अर्थ आम्ही आरंभी सांगितला, तो असा.

याच चरित्रातील पुढची घटना तितकीच बोलकी आहे. १९१७ साली परदेशात शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. नोकरी होती, अधिकार होता. पण राहण्यास जागा नव्हती. एका पारशी धर्मशाळेतून त्यांना दंडुक्याच्या धाकाने बाहेर काढण्यात आले. त्यांनी दोन परिचितांकडे आसरा मागून पाहिला. दोघांनीही तो निरनिराळ्या सबबींवर टाळला. शेवटी ते मुंबईस परतले. शिष्यवृत्ती आणि पदवी हाती असूनही, आपल्या घराचे दार उघडणारा एक माणूस नसेल तर नोकरी टिकत नाही. आज डोंगरातील एखादा मुलगा पुण्यास पहिल्या नोकरीला जातो, तेव्हा भाड्याची खोली मिळविताना त्याला कोणते प्रश्न विचारले जातात, याची चौकशी वाचकांनी अवश्य करावी.

काही व्यवहाराच्या गोष्टी

आता तरुणांना उपयोगी पडाव्या म्हणून काही सूचना करतो.

परिचिताला पत्र किंवा संदेश धाडताना एकदम नोकरी मागू नये, माहिती विचारावी. ‘माझ्यासाठी काही बघा’ या वाक्याने वाचणारा संकोचतो, कारण काय बघावे हे त्याला कळत नाही. ‘तुमच्या कंपनीत हिशेबखात्यात कोणते शिक्षण लागते?’ या प्रश्नाला तो आनंदाने उत्तर देतो, आणि जागा निघाली की त्याला हाच विचारणारा आठवतो. उत्तर आल्यावर आभाराच्या दोन ओळी लिहाव्या. काम झाले वा न झाले तरी कळवावे. या एका सौजन्याची आज फार टंचाई आहे.

ज्यांच्याकडे शिफारस मागितली जाते, त्यांनी जे स्वतः पाहिले तेवढेच लिहावे. पुष्कळ कंपन्यांतून आता नोकरानेच नवा माणूस सुचवावा व तो घेतला गेल्यास सुचविणाऱ्यास बक्षीस द्यावे, अशी पद्धत आहे. तीत गैर काही नाही. पण बक्षिसासाठी न पाहिलेल्या माणसाची हमी देणे म्हणजे जॉबरची दस्तुरी होय. आपण शब्द दिला असेल तेथे निवड करणाऱ्या मंडळात बसू नये. आणि सरकारी व अनुदानित संस्थांत तर जाहिरात व नियम यांबाहेर एक अक्षरही बोलू नये. वशिला हा शब्द बदनाम झाला तो तेथेच.

तिसरी गोष्ट सावधपणाची. घरबसल्या हजारो रुपयांचे काम देऊ असे संदेश व्हॉट्सॲप व टेलिग्रामवर रोज येतात. आरंभी थोडे पैसे देऊन विश्वास संपादतात व पुढे अनामत म्हणून मोठी रक्कम उकळतात. जो मालक नोकरी देण्याआधी पैसे मागतो तो मालक नव्हे, हा नियम घरातील प्रत्येकाने ध्यानी धरावा. फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

मिळकतीचा विनियोग

शेवटी मुख्य मुद्द्याकडे येतो. म्हसावद, शहादा, धडगाव या भागातील आश्रमशाळांतून व महाविद्यालयांतून दरवर्षी मुले-मुली बाहेर पडतात. दोन विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा: गुण सारखे, पदवी तीच. एकाचे चुलते पुण्यात अभियंता आहेत, आत्या नाशिकला बँकेत, चुलतभाऊ बंगळुरास. दुसऱ्याच्या घरातला तो पहिला पदवीधर. त्याच्या आई-वडिलांच्या परिचयात नोकरी देऊ शकणारा माणूस एकच, तो म्हणजे मुकादम. दुसऱ्या मुलानेही लिंक्डइनवर नाव नोंदविले आहे. पाड्यावर मोबाइलला रेंज नसल्यामुळे तो त्यासाठी रस्त्यापर्यंत खाली उतरतो. साधन दोघांचे एक आहे. परंतु ते साधन ज्याच्याजवळ ओळखी आहेत त्याच्या ओळखी दाखविते; ज्याच्याजवळ नाहीत त्याला कोरे पान दाखविते. नवे यंत्र मिळकत निर्माण करीत नाही. आहे तिची खतावणी मांडते.

सरकारने आपल्या परीने प्रयत्न केले आहेत. १९४५ पासून सेवायोजन कचेऱ्या निघाल्या. १९५९ साली रिकाम्या जागा कळविण्याचे बंधन घालणारा कायदा झाला. आज महास्वयम् हे राज्याचे संकेतस्थळ आहे. तेथे नाव जरूर नोंदवावे. पण नोंदवही मुलाला हे सांगत नाही की, मुलाखतीस जाताना काय वाचावे, पहिल्या महिन्यात कोणाला काय विचारावे, साहेब रागावले तर त्याचा अर्थ काय. हे घरातले शहाणपण आपल्या मुलांना जेवणाच्या पानावर मिळते, म्हणूनच त्याची किंमत आपणांस कळत नाही.

आमचे मागणे लहान आहे. प्रत्येक कुटुंबाने या महिन्यात एका संध्याकाळी बसून, आपल्या घराच्या ओळखीत निरनिराळ्या धंद्यांतील कोण कोण आहेत याची यादी करावी. आजोबांपासून धाकट्या सुनेपर्यंत प्रत्येकाने त्यात भर घालावी. ती आपल्या मुलांच्या उपयोगी पडेलच. मग आपल्या ना नात्यातला, ना जातीतला असा एकच विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी निवडावी. कामवाल्या बाईंची मुलगी असेल, शेतावरच्या सालदाराचा मुलगा असेल, गावच्या शाळेतील कोणी असेल. त्याच्याशी चार वेळा बोलावे, त्याचे काम पाहावे, आणि यादीतील योग्य माणसास लिहावे की, ‘मी यांना ओळखतो, आपण स्वतः पारखून पाहावे.’ नोकरी मिळाल्यावर खोली मिळेपर्यंत आठ दिवस आपल्या पुण्या-मुंबईच्या घरी त्याची सोय लावावी. वार लावून जेवलेल्या पिढीचे ऋण फेडण्याचा, आमच्या समजुतीने, याहून सरळ मार्ग नाही.